शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. राज्यशास्त्र शिकवताना या म्हणीचा आधार मी पुष्कळदा घेतला आणि २०२० साली त्याच म्हणीने मला वर्गासमोर तोंडघशी पाडले. त्याची ही हकीकत.

अमेरिकेत इंडियाना राज्यात वाबाश नदीच्या काठी टेरे होट नावाचे एक लहान शहर आहे. वस्ती सुमारे ५८ हजार. हे व्हिगो काउंटीचे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग. व्हिगोची लोकसंख्या १ लाख ६ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. पण तिची ख्याती मोठी. १८८८ ते २०१६ या काळात अध्यक्षपदाच्या ३३ निवडणुका झाल्या. त्यांपैकी ३१ वेळा व्हिगोने ज्याला कौल दिला, तोच अध्यक्ष झाला. अंदाज चुकला तो फक्त १९०८ आणि १९५२ साली.

इंडियाना राज्य तसे रिपब्लिकन पक्षाचे. १९६४ नंतर डेमोक्रॅटिक उमेदवाराला ते मिळाले एकदाच, २००८ मध्ये. तरीही व्हिगोने १९७६ मध्ये कार्टर, १९९२ व १९९६ मध्ये क्लिंटन आणि २०१२ मध्ये पुन्हा ओबामा यांना कौल दिला. उलट १९८० मध्ये रेगन, २००० मध्ये बुश आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांनाही दिला. म्हणजे हे मतदार राज्याबरोबर नव्हे, देशाबरोबर चालत होते.

याचे कारण तेथील वस्तीत शोधले जाते. टेरे होट हे रेल्वे आणि कोळशाच्या खाणींचे शहर. कामगार संघटना बळकट. समाजवादी नेते यूजीन डेब्स येथलेच. १९२० साली तुरुंगात असताना त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि ९ लाखांहून अधिक मते मिळवली. दुसरीकडे भोवताली शेती आणि जुन्या वळणाची, चर्चला मानणारी माणसे. त्यात राज्य विद्यापीठाचे विद्यार्थी-प्राध्यापक. कोणताही एक गट एकट्याच्या बळावर निकाल फिरवू शकत नसे. हवा बदलली की काठावरचे मतदार सरकत आणि पारडे झुके.

यात योगायोगाचाही वाटा होताच. १९७२ आणि १९८४ मध्ये विजयी उमेदवाराने ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. अशा वर्षी कोणत्याही काउंटीला बरोबर ठरणे अवघड नसते. शिवाय देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या. त्यांतल्या काही दीर्घकाळ अचूक ठरणारच आणि आपण नेमक्या त्याच लक्षात ठेवतो.

हे सारे ठाऊक असूनही २०२० च्या ऑक्टोबरात ऑनलाइन तासाला मी ठामपणे सांगितले, “व्हिगोकडे बघा, निकाल कळेल.” व्हिगोने ट्रम्प यांना स्पष्ट मताधिक्य दिले. अध्यक्ष झाले बायडेन!

पुढच्या तासाला स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तळचा भात करपला आणि वरचा कच्चाच राहिला, तर कोणत्या शिताची परीक्षा घ्यायची?”

तिने नेमके वर्म सांगितले. एका शितावरून भात कळतो, तो सगळीकडे सारखी आच लागली असेल तरच. अमेरिकेत आता तसे राहिलेले नाही. मोठी शहरे, त्यांची उपनगरे आणि पदवीधर मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे कलले. लहान शहरे, खेडी आणि पदवी नसलेले गोरे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे गेले. टेरे होटमधले जुने कारखाने गेले, कामगार संघटनांचा जोर ओसरला आणि तेथला कामगारही बहुतांशी दुसऱ्या बाजूला गेला. हे एकट्या व्हिगोचे नाही. १९८० ते २०१६ पर्यंत दर वेळी अचूक ठरलेल्या १९ काउंट्यांपैकी १८ काउंट्या २०२० मध्ये चुकल्या. उरलेली वॉशिंग्टन राज्यातील क्लॅलम काउंटी २०२४ मध्ये चुकली. त्या वर्षी व्हिगोचा कौल पुन्हा निकालाशी जुळला. पण आता ती देशाबरोबर सरकत नाही, एका जागी ठाम उभी आहे. देश तिच्या बाजूला आला, एवढेच.

मला खंत वाटते ती भाकीत चुकल्याची नाही. भिन्न मतांची माणसे एकाच गावात राहत, एकमेकांचे ऐकत आणि प्रसंगी मत बदलत, ती वस्तीच विरळ होत चालली आहे, याची वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रकल्पासाठी मतदारांची पाहणी करायला निघाल तेव्हा वसतिगृहातल्या चार मित्रांना विचारून थांबू नका. बाजारात जा, शेतावर जा, आपल्याशी ज्याचे पटत नाही त्यालाही विचारा. तुमच्या सरांनी एकाच शितावर भिस्त ठेवली होती!