विहिरीतला चमकणारा दगड अभ्रक आहे काय?

यवतमाळ जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या दगडात पांढरे, चकाकणारे खडे निघतात. पुष्कळदा त्यांना अभ्रक समजले जाते. अभ्रकात पालाश असतो, तेव्हा आपल्या खडकात व जमिनीत पालाश भरपूर आहे, असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता असते. खताचा निर्णय यावर अवलंबून असल्याने हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

अभ्रक कोठे तयार होते?

पर्वत घडताना जमिनीच्या पोटात, काही किलोमीटर खोलीवर, ग्रॅनाइटचा तप्त शिलारस सावकाश थिजतो. शेवटी उरलेल्या रसात पाणी, सिलिका व पालाश यांचे प्रमाण वाढलेले असते. हा रस खडकांच्या भेगांत शिरतो आणि तेथे मोठमोठे स्फटिक वाढतात. अशा शिरांना पेग्माटाइट म्हणतात. त्यांत गारगोटी, फेल्डस्पार व पांढरे अभ्रक असते. वरचे डोंगर झिजल्यावर या शिरा उघड्या पडतात. झारखंडमधील कोडरमा, राजस्थानातील भीलवाडा व आंध्र प्रदेशातील नेल्लोर भागातील अभ्रक असेच आहे. आपल्या राज्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात कडावल परिसरात अभ्रक आढळते.

आपल्याकडे काय आहे?

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरून लवकर थंड झाला. त्यामुळे अभ्रकाचे मोठे स्फटिक वाढण्यास वाव मिळाला नाही. लाव्हातील वायूंच्या पोकळ्यांत मागाहून झिरपलेल्या पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटी साठली. विहिरीत चमकतात ते हेच खडे.

ओळख अशी करावी

१) अभ्रकाचे कागदासारखे पापुद्रे निघतात. पापुद्रा वाकवून सोडल्यास पुन्हा सरळ होतो.
२) झिओलाइट मोत्यासारखे चमकते, पण वाकत नाही, मोडते.
३) कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास फेस येतो.
४) गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो.

पालाशचा हिशेब

पांढऱ्या अभ्रकात सुमारे १० टक्के पालाश असतो; परंतु तो थरांमध्ये घट्ट अडकलेला असून फार सावकाश सुटतो. म्हणून अभ्रकाची भुकटी म्युरेट ऑफ पोटॅशची जागा घेऊ शकत नाही. बेसाल्टमध्ये तर पालाश साधारणतः एक टक्क्याहूनही कमी असतो. तरीही भारी काळ्या जमिनीच्या माती परीक्षणात उपलब्ध पालाश पुष्कळदा हेक्टरी २८० किलोच्या वर, म्हणजे 'जास्त' येतो. कारण चिकणमातीचे बारीक कण तो धरून ठेवतात. ही भरलेली कोठी आहे, वाहता झरा नव्हे. दरवर्षी कपाशी, सोयाबीन, तूर काढून नेली आणि परत काही घातले नाही, तर कोठी उतरत जाते. हलक्या, मुरमाड जमिनीत चिकणमाती कमी असल्याने कोठी मुळातच लहान असते.

यासाठी दर दोन-तीन वर्षांनी माती परीक्षण करावे. भारी व हलक्या जमिनीचे नमुने वेगवेगळे घ्यावेत आणि अहवालानुसारच पालाशची मात्रा ठरवावी. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये, त्यात गुलाबी बोंडअळी टिकून राहते. ती जाळूही नये. यंत्राने बारीक करून कंपोस्ट करावे. सोयाबीनचे कुटार जनावरांना घातल्यास त्यांचे शेणखत त्याच शेतात परत न्यावे. पिकाने उचललेल्या पालाशचा मोठा हिस्सा अशा रीतीने जमिनीला परत मिळतो.