विश्लेषण : थंडीच्या पहाटे ओझरचा धूर वर का जात नाही? दम्याच्या रुग्णांना तो जास्त का बाधतो?

उत्तर महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातमीत निफाडचे नाव नाही, असे क्वचितच होते. तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. याच तालुक्यातल्या ओझरच्या किमान तापमानाचीही अशा दिवसांत नोंद येते. पारा घसरला की चर्चा होते ती द्राक्षमण्यांची फुगवण थांबण्याची, मणी तडकण्याची. माल वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या शेकोट्यांचा धूर कुठे जातो, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. बराच वेळ तो कुठेच जात नाही.

हवेवर झाकण कसे बसते?

एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते. उबदार हवा हलकी असल्याने वर जाते आणि धूर-धूळ सोबत घेऊन जाते. निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्री हे उलटे होते. ढगांचे पांघरूण नसल्याने जमीन दिवसभराची उष्णता झपाट्याने बाहेर टाकते आणि तिला चिकटलेली हवा गारठते. तिच्यावर मात्र तुलनेने उबदार थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची थंड हवा जड असल्याने वर चढत नाही आणि धूर या झाकणाखाली कोंडला जातो. बाणगंगेच्या काठासारख्या सखल भागात थंड हवा उताराने येऊन साचते, म्हणून तिथे झाकण अधिक घट्ट बसते. सूर्य वर येऊन जमीन तापली की साधारण नऊ-दहाच्या सुमारास ते मोडते. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या वाहनांचा धूर दुपारीही असतोच, पण तेव्हा त्याला विरायला एक-दोन किलोमीटर उंचीची हवा मिळते. पहाटे तीच जागा शे-दोनशे मीटरवर आलेली असू शकते.

हे झाकण किती महाग पडू शकते, याचे सर्वात कुप्रसिद्ध उदाहरण लंडनचे. डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत तिथे कोळशाचा धूर असाच अडकला. सुरुवातीला सुमारे चार हजार मृत्यू मानले गेले. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. ओझरची तुलना लंडनशी करण्याचे कारण नाही. इथे झाकण रोज सकाळी उघडते, तिथे ते पाच दिवस उघडले नव्हते. हवेचे गणित मात्र तेच आहे.

धुरामुळे द्राक्षे वाचतात का?

शेकोटीचा उपयोग होतो तो या झाकणामुळेच. आगीने तापलेली हवा थोडी वर जाते, उबदार थराला अडकते आणि बागेच्या उंचीवर फिरत राहते. म्हणूनच एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या चांगल्या. मोठा जाळ झाकण भेदतो आणि उष्णता वर निघून जाते.

ऊब देते ती आग. तरीही ओले गवत, ओल्या काड्या टाकून मुद्दाम धूर करण्याची पद्धत आहे. धुराचे पांघरूण जमिनीची उष्णता अडवते, असा समज त्यामागे असतो. शास्त्र याच्या बाजूने नाही. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात, तर जमिनीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या लहरींची लांबी दहा मायक्रॉनच्या आसपास असते. एवढ्या बारीक कणांना त्या लहरी सहज ओलांडतात. उलट सूर्य उगवल्यावर हाच धूर ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. म्हणजे दाट धुराचा मण्यांना उपयोग जवळजवळ शून्य, आणि छातीला त्रास पुरेपूर. शेतकऱ्याचे पीक की शेजारच्या आजोबांचा दमा, असा हा झगडा वाटतो तेवढा खरा नाही.

पहाटे ठिबकने पाणी देण्याचा उपाय अनेक बागायतदार करतातच. विहिरीचे, बोअरचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन उष्णता जास्त धरते. त्यात धूर नाही.

छातीत काय घडते?

आत येणारी हवा उबदार आणि दमट करणे हे नाकाचे काम. कष्टाचे काम करताना किंवा धावताना माणूस तोंडाने श्वास घेतो, तेव्हा कोरडी गार हवा थेट श्वासनलिकांत पोहोचते. त्या आकसतात, दमेकऱ्यांच्या फार लवकर. श्वासमार्गातला कफ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची गतीही थंडीत मंदावते. त्याच वेळी धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात आणि सूज वाढवतात. झाडू मारणाराच सुट्टीवर आणि कचरा दुप्पट, अशी ही गत. त्यात हिवाळ्यात विषाणूंचाही जोर असतो.

हा त्रास फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये लिहिले होते, की सीओपीडी या जुनाट श्वसनविकाराच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. पहाटे चुलीपुढे बसणारी आणि मग बागेत कामाला जाणारी बाई हा धूर दोनदा घेते.

आकडा ठीक, तरी त्रास का?

हवेचा निर्देशांक साधारणपणे चोवीस तासांच्या सरासरीवर ठरतो. पहाटेची तीन तासांची वाईट हवा आणि दुपारची मोकळी हवा एकत्र केली की आकडा सौम्य दिसतो. सूक्ष्म कणांसाठी भारताची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सुचवली. शिवाय नाशिक शहरातल्या केंद्राचा आकडा वीस किलोमीटरवरच्या बागेबद्दल फारसे सांगत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नाशिक आहे, पण तो कार्यक्रम मुळात शहरांसाठी. शिवारातला धूर त्याच्या नजरेत कमीच येतो.

काय करता येते?

दमा असलेल्यांनी पहाटेचा फेरफटका ऊन पडल्यावर किंवा संध्याकाळी लवकर घ्यावा. नाकातोंडावरचा मफलर हवा उबदार करतो, म्हणून उपयोगी आहे. बारीक कण मात्र त्यातून आत जातात, त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. रोज घ्यायचा पंप बरे वाटू लागताच बंद करणे ही नेहमीची चूक. सूज कमी ठेवणारे औषध थंडी सुरू होण्याआधीपासून नियमित घेतले तरच काम करते, आणि पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या पंपानेही आराम पडत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

बागेत शेकोटी करायचीच असेल, तर वाळलेली लाकडे, लहान जाळ आणि वस्तीपासून अंतर. प्लास्टिक, टायर अजिबात नको. आणि उरलेले निखारे शेगडीत घालून बंद खोलीत आणू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.