मोतीबाग: चाकांची काळजी घेणारा कारखाना
(लेखमाला ‘सातपुड्याच्या पायथ्याशी’, भाग 7)

गेल्या आठवड्यात आपण सौसर पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणी पाहिल्या. ज्या रेल्वेनं या भागाला नागपूरशी जोडलं, तिची दुरुस्ती कुठे होत होती, ते आज पाहू. हा कारखाना सौसरात नाही, नागपुरात इंदोऱ्याजवळ मोतीबागेत आहे. तरी सौसर, रामाकोना, लोधीखेड्याच्या इतिहासातून त्याला वगळता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

या कारखान्याची सुरुवात छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्याही आधीची. 1880 च्या दशकाच्या आरंभी नागपूर ते राजनांदगाव मीटर गेजची छत्तीसगढ रेल्वे झाली. मोतीबागेचा पाया त्याच काळातला. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं तो मार्ग घेतला आणि मोठा केला. मग या कंपनीनं सातपुड्यात अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचे रूळ पसरवले. 1913 पर्यंत सावनेर, सौसरवरून छिंदवाड्यापर्यंत गाडी गेली.

अडीच फूटच का? डोंगर. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, छिंदवाडा 670 च्या पुढे. रामाकोन्याच्या पुढे घाट लागतो. अरुंद रुळांना अवघड वळणं घेता येतात, भराव आणि बोगद्यांचा खर्च वाचतो. पण त्याची किंमत चाकं मोजतात. वळणावर चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला घासते, रोज थोडी थोडी झिजते, आणि ठरलेल्या मापाखाली गेली की गाडी रुळावरून उतरण्याचा धोका. म्हणून चाकं लेथवर चढवून पुन्हा कातायची. पोलाद फारच पातळ झालं की नवा टायर बसवायचा: लोखंडी कडं भट्टीत तापवून फुगवायचं, चाकावर सरकवायचं, थंड होताना ते आवळून बसतं. गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी, तशीच रीत. फक्त इथे माप मिलिमीटरच्या अंशात. बॉयलर उघडून नळ्या तपासणं, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतणं हीही अशीच हाताच्या अंदाजाची कामं. घाटातला प्रवास सुखरूप झाला, त्यामागे ही फिटर मंडळी होती, आणि त्यांचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही.

कंपनीची पाटी मात्र बदलत गेली. 1944 मध्ये सरकारनं रेल्वे ताब्यात घेतली. 1952 मध्ये पूर्व रेल्वे, 1955 मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे, आणि 2003 पासून बिलासपूरची दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे. वाफेनंतर डिझेल आलं, तेव्हा बॉयलरवाल्यांना इंजेक्टर आणि विजेची जोडणी शिकावी लागली.

खरा घाव गेज बदलाचा. 2015 च्या अखेरीस नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन बंद झाली, 2019 मध्ये नागपूर-नागभीडही. 1676 मिलिमीटरच्या मोठ्या लाइनची मागणी योग्यच होती. सौसरच्या संत्र्याला, रुग्णाला, विद्यार्थ्याला वेगवान गाडी हवी होती. पण ज्या कारखान्याचं सगळं कसब एका मापावर उभं होतं, त्याच्यापुढे बंद पडणं किंवा नवं माप शिकणं, एवढेच मार्ग होते. मोतीबाग नवं माप शिकली. तिथे आता मोठ्या लाइनच्या डब्यांची कामं होतात.

डिसेंबर 2002 मध्ये कारखान्याच्या शेजारी छोट्या लाइनचं संग्रहालय उघडलं, तेव्हा या गाड्या अजून धावत होत्या. दुरुस्ती करणाऱ्यांच्या अंगणातच जुनी इंजिनं जपली गेली, हे विशेष. सौसरच्या शाळांनी मुलांना तिथे जरूर न्यावं, आणि इंजिनाच्या चिमणीआधी चाकाची कड दाखवावी.

पुढच्या भागात पांढुर्ण्याची मोठी लाइन.