यीस्टला ‘कळतं’ म्हणजे काय?

आज आपण एकाच पेशीपाशी थांबणार आहोत. पाव फुगवणारं यीस्ट आपल्या ओळखीचं आहे. त्याची एक पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या २००व्या भागाएवढी. तिला डोळे नाहीत, मेंदू नाही, जागचं हलताही येत नाही. तरी शेजारी जोडीदार आहे हे तिला कळतं, असं आपण म्हणतो. या ‘कळण्या’चा अर्थ काय?

आधी घडतं काय, ते पाहू. यीस्टमध्ये मीलनासाठी दोन प्रकारच्या पेशी असतात, ‘ए’ आणि ‘अल्फा’. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडते. त्याचं नाव अल्फा-फॅक्टर. ए पेशीच्या पृष्ठभागावर त्याला पकडणारं प्रथिन असतं, म्हणजे रिसेप्टर. अल्फा-फॅक्टर बाहेरून चिकटला की रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूचं जी-प्रथिन सुटं होतं. मग प्रथिनांची एक रांग कामाला लागते. एक दुसऱ्याला फॉस्फेट जोडतं, दुसरं तिसऱ्याला, आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. पेशीचं विभाजन थांबतं, मीलनाची जनुकं चालू होतात, आणि जिकडे अल्फा-फॅक्टर जास्त तिकडे पेशी टोक काढून वाढू लागते.

आता एक गंमत बघा. हीच ए पेशी ‘बार-१’ नावाचं एन्झाइम बाहेर सोडते, आणि ते अल्फा-फॅक्टर तोडून टाकतं! ज्याची वाट पाहायची तोच निरोप पुसायचा? पण घरभर उदबत्तीचा वास भरला की उदबत्ती नेमकी कुठे लावलीय ते नाकाला सांगता येत नाही. तसंच हे. बार-१ नसलेल्या पेशी अगदी थोड्या अल्फा-फॅक्टरलाही प्रतिसाद देतात, पण जोडीदार नेमका कुठे आहे हे त्यांना नीट ठरवता येत नाही. म्हणजे नुसतं जास्त ऐकू येणं पुरेसं नाही; फरक कळावा लागतो.

आणि निरोपाचा अर्थ कुठे असतो? १९९०मध्ये संशोधकांनी माणसाचा बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर, सोबत सस्तन प्राण्यांच्या जी-प्रथिनाचा एक भाग, असं दोन्ही यीस्टमध्ये घातलं. आपल्या शरीरात या रिसेप्टरला ॲड्रेनालिन चिकटलं की श्वासनलिका सैलावतात. यीस्टला ॲड्रेनालिनसारखं औषध दिलं, तर तिने मीलनाचा प्रतिसाद सुरू केला. म्हणजे अर्थ त्या रेणूत नव्हता. तो ऐकणाऱ्याच्या आतल्या जोडणीत होता.

मग हे सगळं ‘फक्त रसायन’ म्हणून सोडून द्यायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. दगड खाली पडतो, त्यात तो चुकत नाही. पण त्या प्रयोगातल्या यीस्टने नसलेल्या जोडीदारासाठी तयारी केली. ही चूक आहे, असं आपण म्हणू शकतो, कारण हा प्रतिसाद कशासाठी घडत आला हे आपल्याला माहीत आहे. जिथे चूक संभवते तिथे कळण्याची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे आपण चुकलो हे कळणं. तिथे यीस्ट पोचत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही रोज पोचतोच असं नाही.