पट्टी तीच, कोड वेगळा

डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन येतं, फार्मासिस्ट कळ दाबतो आणि काही सेकंदांत विमा कंपनीचं उत्तर पडद्यावर हजर होतं: कोड ७५. म्हणजे पूर्वपरवानगी हवी. अमेरिकेतल्या औषधदुकानांत हे रोजचंच. औषध मागच्या फडताळात आहे, रुग्ण समोर उभा आहे, तरी पिशवी हातात पडत नाही.

५ टक्के लिडोकेनची पट्टी बघा. दुखऱ्या जागी चिकटवायची, बारा तासांनी काढायची. ओपिऑइडसारखं, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांसारखं, व्यसन लागायची भीती नाही. मात्र सरकारी मान्यता नागीण बरी झाल्यावर मागे उरणाऱ्या वेदनेपुरती. पूर्वपरवानगीच्या अर्जावर त्या दुखण्याचा कोड असेल तर मंजुरीची आशा. तीच पट्टी साध्या कंबरदुखीसाठी लिहिली, की ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत सहसा नन्नाच. मान्यता असलेल्या किंवा ठरावीक संदर्भग्रंथांनी मानलेल्या वापरालाच ही योजना पैसे देते. डॉक्टरांनी कितीही कळकळीनं लिहिलं तरी नियम हलत नाही. मग म्हातारी माणसं ४ टक्क्यांची पट्टी स्वतःच्या पैशानं घेतात. ती प्रिस्क्रिप्शनविना मिळते.

दुसरा अडसर ‘स्टेप थेरपी’चा: आधी स्वस्तातलं घ्या, गुण आला नाही तर पुढचं मागा. असंच आधी घ्यावं लागणारं एक औषध गॅबापेंटिन. त्यानं गुंगी येते, तोल जातो, पण हे कागदावर सिद्ध करावं लागतं. कोणतं औषध, किती मात्रेत, कधीपासून कधीपर्यंत, का थांबवलं. दवाखान्यातला कर्मचारी जुन्या नोंदी उपसून हे भरतो आणि बऱ्याचदा आजही फॅक्सनं पाठवतो. मेडिकेअरमध्ये निर्णयाला ७२ तासांची मुदत आहे, तातडीच्या अर्जाला २४. नकार आला तर अपील, त्याला आणखी सात दिवस. दुखणं तोवर थांबणार थोडंच!

खर्चाला लगाम हवा, हे कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ओपिऑइडवरही बंधनं आली आहेत. मेडिकेअरमध्ये २०१९पासून नव्या रुग्णाला सुरुवातीला सात दिवसांपुरतंच मिळतं. पण जुनाट दुखण्यात ओपिऑइडविना उपचारांना पसंती द्या, असं सरकारचीच रोगनियंत्रण संस्था २०२२च्या मार्गदर्शिकेत सांगते. मग त्याच उपचारांच्या वाटेत इतके कागद का?

२०२५च्या जानेवारीत ओपिऑइडविना वेदनोपचारांना चालना देणाऱ्या ‘नोपेन’ कायद्याच्या तरतुदी लागू झाल्या. त्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या उपचारांपुरत्या. त्याच महिन्यात सुझेट्रिजिन या ओपिऑइड नसलेल्या नव्या गोळीला मान्यता मिळाली, गोळीमागे साडेपंधरा डॉलर किमतीची; तीही तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी. वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेल्याच्या वाट्याला दोन्हींतून फारसं काही आलं नाही.