चार तास, चौदा वर्षं

26 नोव्हेंबर 2025 ला ग्लासगोत राष्ट्रकुल क्रीडा संघटनेची आमसभा भरली आणि 2030 ची स्पर्धा अहमदाबादच्या पदरात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतजवळच्या इच्छापोरला चहाच्या लारीपाशी दुसरा विषय नव्हता. हजिऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीत उभ्या उभ्या पेपर वाचणारा एकजण म्हणाला, "हवे तो आपणे त्यां!" आता आपल्याकडेच! आम्ही दोघं-तिघं खानदेशातून पोटासाठी इकडं आलेले. आम्हालाही बरं वाटलं. इतकी वर्षं इथं काढल्यावर 'आपल्याकडे' म्हणताना सुरत की जळगाव, हा हिशेब कुणी करत नाही.

पण घरी येईपर्यंत डोक्यात दिल्ली घोळायला लागली. भारताची याआधीची राष्ट्रकुल स्पर्धा 3 ते 14 ऑक्टोबर 2010 या काळात दिल्लीत झाली. त्या बारा दिवसांत मराठी माणसाच्या ओळखीची दोन माणसं एकाच स्पर्धेच्या दोन टोकांना उभी होती. वर व्यासपीठावर पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी, संयोजन समितीचे अध्यक्ष. खाली मॅटवर 21 वर्षांचा नरसिंग यादव. मूळ घर वाराणसीकडचं, वडील मुंबईत जोगेश्वरीला घरोघर दूध घालणारे, तालीम कांदिवलीला क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात प्रशिक्षक जगमाल सिंग यांच्याकडे. त्यानं 74 किलोत सुवर्ण मारलं. पुढच्या पंधरा वर्षांत या दोघांचं जे झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघितलं, तर खेळाचा कारभार कसा चालतो हे समजायला वेगळं पुस्तक लागत नाही.

गोष्ट तशी 2003 पासूनची आहे. जमैकात माँटेगो बे इथं मतदान होतं, समोर कॅनडाचं हॅमिल्टन. भारतानं ऐनवेळी सांगितलं की आम्हाला यजमानपद दिलंत, तर प्रत्येक सदस्य देशाला खेळाडूंच्या तयारीसाठी 1 लाख डॉलर देऊ. देश 72. भारत 46 विरुद्ध 22 मतांनी जिंकला. यात नियमाबाहेरचं काही नव्हतं, आणि मला तेच जास्त खटकतं. आमच्याकडे पंचायतीच्या निवडणुकीत आदल्या रात्री पाकीट वाटलं तर त्याला एकच शब्द आहे. तेच पाकीट 72 देशांना उघड्यावर वाटलं की त्याचं नाव 'प्रशिक्षण अनुदान'.

कलमाडींना या सगळ्याची रंगीत तालीम पुण्यातच मिळाली होती. हवाई दलातले वैमानिक, मग राजकारण, मग पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, पुणे फेस्टिव्हल. 1996 पासून भारतीय ऑलिम्पिक संघटना त्यांच्या हातात, आशियाई अॅथलेटिक्सचं अध्यक्षपदही. 2008 च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली. माणूस कामाचा होता, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. पुण्यात खेळासाठी रस्ते, मैदानं आणि माणसं उभी करण्यात त्यांचा वाटा होता. म्हणून तर दिल्लीचं जास्त लागलं.

दिल्लीत स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. टॉयलेट पेपरचा एक रोल चार हजारांच्या आसपास भावानं घेतल्याच्या बातम्या आल्या आणि त्या रोलवर देशभर विनोद झाले. लंडनमधल्या क्वीन्स बॅटन रिलेच्या कंत्राटांवर प्रश्न आले. उद्घाटनाच्या रात्री कलमाडी भाषणाला उठले तेव्हा भर स्टेडियमात त्यांची हुर्यो उडवली गेली. आम्ही तेव्हा टीव्हीसमोर होतो. आमचे एक पुणेकर शेजारी गुपचूप उठून बाल्कनीत गेले. कॅगचा अहवाल 2011 च्या ऑगस्टात आला. सुरुवातीचा अंदाज 1,200 कोटींच्या घरातला, प्रत्यक्ष खर्च 18,500 कोटींच्या वर. त्याआधीच, 25 एप्रिल 2011 ला, वेळमापन आणि निकाल यंत्रणेच्या 141 कोटींच्या कंत्राटावरून सीबीआयनं कलमाडींना अटक केली होती. स्विस कंपनीला झुकतं माप देऊन सरकारचं 90 कोटींहून जास्त नुकसान केलं, असा आरोप. नऊएक महिने तिहारमध्ये काढून 19 जानेवारी 2012 ला ते जामिनावर सुटले.

त्या स्पर्धेत भारतानं 101 पदकं जिंकली, त्यातली 38 सुवर्णं. त्यातल्या 4×400 मीटरच्या महिला संघानं नेहरू स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं. आठ-नऊ महिन्यांत त्याच संघातल्या तिघी, अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस, उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्या. चिनी जिनसेंगच्या गोळ्यांतून ते पोटात गेलं, असं त्यांचं म्हणणं. युक्रेनी प्रशिक्षक युरी ओगोरोद्निक यांना घरी पाठवलं. देशातल्या समितीनं मुलींना एक वर्षाची बंदी घातली, ती पुढं क्रीडा लवादानं दोन वर्षांवर नेली. गोळ्या शिबिरात आल्या कशा, त्या कुणी तपासल्या, मुलींचा आहार कुणाच्या सहीनं चालायचा, यासाठी अॅथलेटिक्स महासंघातल्या किती साहेबांना दोन वर्षं घरी बसावं लागलं? माझ्या तरी वाचनात एकही नाही.

चाचणी कशी होते, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. सामना संपला की एक अधिकारी खेळाडूच्या सोबत लागतो, तो नमुना देईपर्यंत नजरेआड होऊ देत नाही. घाम गाळून अंगातलं पाणी संपलेलं, लघवी होत नाही, बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन तासन्‌तास बसायचं. मग त्या अधिकाऱ्यासमोर बनियन छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली. किमान 90 मिलिलिटर. सीलबंद खोक्यांतून एक खोका खेळाडूनंच निवडायचा, त्यातल्या 'ए' आणि 'बी' बाटल्यांत स्वतःच्या हातानं ओतायचं, झाकण फिरवायचं. झाकण कट्‌कट्‌ करत बसतं आणि एकदा बसलं की मोडल्याशिवाय निघत नाही. गेल्या सात दिवसांत खोकल्याचं औषध घेतलं असेल तरी ते फॉर्मवर लिहायचं. खेळाडूच्या लघवीभोवती जगानं एवढा चोख बंदोबस्त केला आहे. निविदेच्या लिफाफ्यालाही सील असतं. ते मात्र कट्‌कट्‌ करत नाही.

आता नरसिंग. 2011, 2012 आणि 2013 असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी, चांदीच्या तीन गदा. (पुढची तीन वर्षं आमच्या चाळीसगावच्या विजय चौधरीनं गदा नेली, हे सांगितल्याशिवाय खानदेशी माणसाला पुढं जाता येत नाही.) महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक. 2015 ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्यानं देशाला रिओचं तिकीट मिळवून दिलं. दोन ऑलिम्पिक पदकं असलेला सुशील कुमार त्याच वजनगटात होता. त्यानं निवड चाचणीसाठी दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. कोर्टानं 2016 च्या जूनमध्ये मागणी फेटाळली. महाराष्ट्रातल्या तालमींत पेढे वाटले गेले.

25 जूनला सोनीपतच्या शिबिरात नरसिंगचा नमुना घेतला गेला, 5 जुलैला दुसरा. दोन्हींत मेथॅन्डिएनोन. व्यायामशाळेत त्याला डायनाबोल म्हणतात. स्नायू फुगवणारी जुनी गोळी, जगभरातल्या प्रयोगशाळांना तोंडपाठ. म्हणूनच लोकांना प्रश्न पडला, की ऑलिम्पिकच्या तोंडावर इतका अनुभवी पैलवान ही गोळी कशाला घेईल? त्याच्या खोलीतला जोडीदार, पैलवान संदीप यादव, हाही त्याच औषधात सापडला. नरसिंग म्हणाला, कुणीतरी माझ्या पेयात मिसळलं. पोलिसांत तक्रार झाली. 1 ऑगस्टला देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीनं ते मानलं आणि त्याला निर्दोष ठरवलं. 6 ऑगस्टला तो 27 वर्षांचा झाला, तेव्हा ऑलिम्पिक सुरू झालं होतं.

मग जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडा क्रीडा लवादात गेली. 18 ऑगस्ट, आपल्याकडे रक्षाबंधन. पहाटे कुस्तीत साक्षी मलिकचं कांस्य आलं होतं, घराघरात आनंद होता. रिओत चार तास सुनावणी चालली. कॅनडाच्या तज्ज्ञ क्रिस्तियान आयोत यांचं मत असं पडलं, की नमुन्यातलं प्रमाण पाण्यात भुकटी मिसळल्यानं येणारं नाही, ते एक-दोन गोळ्या पोटात गेल्यासारखं आहे. घातपाताचा पुरावा नाही. चार वर्षं बंदी, लगेच लागू. त्याची कुस्ती दुसऱ्या दिवशी होती. आम्ही सकाळी उठलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी लवादाला दोष देत नाही. समोर कागद होते, अंक होते, त्यांनी अंक वाचले. नरसिंगला कुणी फसवलं की त्यानं स्वतः घेतलं, हे इच्छापोरला बसून सांगण्याएवढा मी शहाणा नाही. पण शिबिर सरकारच्या केंद्रात. स्वयंपाकघर त्यांचं, पहारा त्यांचा, खोलीची किल्ली त्यांची. दोघा पैलवानांच्या पोटात एकच औषध गेलं, मग त्या घराचा मालक कोण होता? लवादासमोर हा प्रश्नच नव्हता, कारण नियम तसाच आहे: जे अंगात सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. नियम कडक आहे आणि असायलाही हवा. तितकाच कडक नियम वरच्या मजल्यावर लावला असता तर? तिजोरीत जे सापडलं नाही त्याला अध्यक्ष जबाबदार, कुणी मिसळलं, कुणी काढलं, हे सिद्ध करायची गरजच नाही!

वरच्या मजल्यावर काय चाललं होतं, तेही त्याच काळातलं. भ्रष्टाचाराच्या खटल्यात अडकलेले लोक पदाधिकारी होऊ घातले होते, तशात निवडणुकीवरून सरकारशी वाद, म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं डिसेंबर 2012 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित केली. परिणाम कुणी भोगला? 2014 च्या फेब्रुवारीत सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ल्यूजपटू शिवा केशवन आणि दोन तरुण स्कीपटू तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिकच्या झेंड्यामागे चालले. निलंबन उठलं तोवर केशवनची शर्यत होऊनही गेली होती. जुलै 2013 मध्ये कलमाडी पुण्यातच आशियाई अॅथलेटिक्सची निवडणूक हरले. तेवढ्यावर थांबेल असं वाटलं होतं. पण नरसिंगवरच्या बंदीला जेमतेम चार महिने झाले होते, आणि डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईच्या सभेत ऑलिम्पिक संघटनेनं कलमाडींना आजीव अध्यक्षपद बहाल केलं. बोंब झाली, कलमाडींनी आरोपमुक्त होईपर्यंत पद घेणार नाही असं कळवलं, क्रीडा मंत्रालयानं संघटनेवर कारवाई केली, ठराव मागं घेतला गेला. पण सभेत हात वर करणाऱ्यांना आधी काही वाटलं नव्हतं, हे राहिलंच.

एप्रिल 2025 मध्ये दिल्लीच्या कोर्टानं ईडीचा तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारला. मनी लाँडरिंगचं प्रकरण मिटलं. वेळमापनाच्या कंत्राटाचा सीबीआयचा खटला त्याहून वेगळा. कायद्याच्या भाषेत बोलायचं, तर या माणसावर गुन्हा सिद्ध झालेला नाही आणि आपणही तो झाला असं म्हणू नये. अटकेपासून चौदा वर्षं. त्यांच्यावर अन्याय झाला असेल तर तोही चौदा वर्षं झाला, आणि जनतेचे पैसे गेले असतील तर त्याचं उत्तरही चौदा वर्षं कुणी दिलं नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं मात्र नाही. जागतिक अॅथलेटिक्सचे सोळा वर्षं अध्यक्ष असलेले सेनेगलचे लामिन दियाक रशियन खेळाडूंची उत्तेजक प्रकरणं दाबण्यासाठी पैसे घेत होते. 2020 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या कोर्टानं त्यांना चार वर्षांची शिक्षा दिली, त्यातली दोन स्थगित. म्हणजे खेळाडूची बाटली तपासणाऱ्यांच्याच खिशात ती बाटली लपवण्याची किंमत होती.

बाटल्यांचं म्हणाल, तर त्यात आपण पुढं आहोत. वाडाच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये भारतात 7,113 नमुने तपासले, 260 सदोष निघाले. शेकडा 3.6. चीननं 24 हजारांवर तपासले, तिथं 43. लागोपाठ तिसऱ्या वर्षी मोठ्या देशांत आपलं प्रमाण सर्वांत वाईट. मधे 2019 ते 2021 दिल्लीच्या आपल्या प्रयोगशाळेचीच मान्यता गेली होती, नमुने परदेशी पाठवावे लागत होते. 2025 च्या ऑगस्टात संसदेनं क्रीडा प्रशासनाचा कायदा केला आणि उत्तेजकविरोधी कायदाही दुरुस्त केला. 2036 च्या ऑलिम्पिकसाठी लोझानला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडे गेलेल्या आपल्या मंडळींना तिथं कारभार आणि उत्तेजकं यांवरूनही ऐकून घ्यावं लागलं होतं, त्यानंतर सुमारे दीड महिन्यात.

नरसिंग 2020 मध्ये बंदी संपवून परतला, बेलग्रेडला खेळला, पण ते वजन आणि ते वय परत आलं नाही. 2024 मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा तो अध्यक्ष झाला. 2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुलच्या कार्यक्रमात कुस्तीच ठेवलेली नाही.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे हजिरा रोडवर धावतो. परवा त्यानं जिममधून आणलेला एक डबा दाखवला. "काका, यात काय आहे ते वाचून सांगा ना." डब्यावर सिंहाचं तोंड, खाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. चष्मा काढून, पुन्हा लावून, उजेडात धरून पाहिलं. निम्म्या ओळी लागल्या, निम्म्या नाही. बनवणाऱ्याचा पत्ता होता तिथं दुकानदारानं किमतीचा स्टिकर चिकटवला होता. मुलानं तो नखानं खरवडायला घेतला.