चौकाबाहेर आलेली रेघ

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यापाड्यांवर हिंडत होते, ते चित्रं काढणाऱ्या बायकांच्या शोधात. बिहारमध्ये १९६६-६७चा दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकलांचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. भिंती रंगवणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती कागद द्यायचा आणि त्यातून चार पैसे घरात येऊ द्यायचे, असं ते काम होतं. डहाणूच्या वारली आदिवासींमध्येही भिंतीवरचं चित्र बायकांकडेच होतं. पण गंजाड गावात कुलकर्ण्यांना भेटला पस्तिशी ओलांडलेला एक पुरुष : जिव्या सोमा म्हसे.

पुरुषाने चित्र काढणं हे तिथे जगावेगळं होतं. वारल्यांच्या लग्नात घरातली कुडाची भिंत शेणामातीने सारवून त्यावर चौक लिहितात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीची चौकट. चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, आणि लग्नाची गाणी म्हणत विधी चालवण्याचा मान धवलेरीचा. लग्न लागलं की त्या चित्राचं काम संपलं. पुढे ते धुराने काळवंडो, नाहीतर नव्या सारवणाखाली जावो, त्याचं कुणाला काही वाटत नसे.

म्हसे १९३४चे, तलासरी भागातले. लहानपणीच आई गेली आणि पोराने बोलणंच सोडलं; काही सांगायचं असलं की ते धुळीत रेघोट्या ओढून सांगायचं, अशी त्यांच्या बालपणाची हकिकत सांगतात. त्या मुलखात तेव्हा वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा वारली पुढे त्याच्याच घरी राबत राही. त्याला लग्नगडी म्हणत. त्याविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५मध्ये वारली उठले, तेव्हा म्हसे अकरा वर्षांचे होते. ज्या लग्नाच्या चौकात देवी बसे, त्याच लग्नाचं कर्ज माणसाला बांधून टाकी. वारली चित्रांकडे नुसतं निरागस म्हणून पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हवं.

कुलकर्ण्यांनी कागद दिला आणि चित्राला लग्नाची वाट पाहायची गरज उरली नाही. म्हसे रोज चित्र काढू लागले, आणि चौकटीत न मावणारा सगळा संसार त्यांच्या कागदावर उतरला : लावणी, झोडणी, शिकार, कणसरी या धान्यदेवीच्या कथा, वारूळ, आगगाडी, भाताच्या दिवसांतला, तारपा या वाद्याच्या सुरावर फेर धरून होणारा तारप्याचा नाच. पुढे कागदाच्या जागी शेण किंवा गेरू लावलेलं कापड आलं. पिठाच्या रंगाऐवजी टिकाऊ पांढरा रंग आला.

त्यांची प्रेरणा एका शब्दात सांगायची तर ती हालचाल. माणूस, पाखरू, मुंगी, सगळं रात्रंदिवस हलतं आहे, असं ते सांगत. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ते टोक म्हणजे कंबर आहे. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस वाकतो, धावतो, ओझ्याखाली झुकतो, हे म्हशांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांची मासेमारीची चित्रं पाहावीत. बारीक रेघांचं जाळं जवळजवळ सगळं कापड व्यापून बसलेलं असतं. ना क्षितिज, ना जवळ-दूर. तरी जाळं पाण्यात डोलतंय असं वाटतं, कारण त्यातला एकही डोळा दुसऱ्यासारखा नाही.

१९७५मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, आणि १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९च्या पॅरिसमधल्या गाजलेल्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारी मांडली गेली. लाँग माळावर चालून चालून पावलांची रेघ उमटवतो. दोघांची भाषा वेगळी, पण रेघेवरची श्रद्धा एकच. २०११मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी म्हसे गेले. सदाशिव आणि बाळू ही मुलंही चित्रकारच झाली.

आज वारली चित्र कपांवर, साड्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर आहे. त्यातून पाड्यांवरच्या कित्येक घरांत पैसा आला, हे चांगलंच झालं. मात्र त्याला सरसकट ‘आदिम परंपरा’ म्हटलं की चित्रकाराचं नाव गळून पडतं. परंपरेने म्हशांना त्रिकोण दिला, काडी दिली, देवीच्या कथा दिल्या. त्या त्रिकोणांना रोजच्या जगण्यात फिरवून आणलं ते त्यांनी. पुढच्या वेळी तारप्याचा फेरा कुठे रंगवलेला दिसला, तर नाचणाऱ्यांच्या कमरा बघा. सगळ्या एकाच मापाने वाकलेल्या असतील तर तो छाप आहे. प्रत्येक कंबर आपापल्या ठेक्याने वाकली असेल, तर तो कुणाचा हात आहे, हे जरूर विचारा.